बरगड्यांना रजा नसते: जुन्या आजारातली बरगडीची दुखणी आणि पेटके

शिंक येणार हे नाकाच्या आधी माझ्या डाव्या बरगडीला कळतं. हात आपोआप उशीकडे जातो, उशी छातीशी येते आणि मगच शिंक बाहेर पडते. ज्यांच्या अंगात एखादा आजार वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

गुडघा दुखला तर बसून राहता येतं, मनगट दुखलं तर पट्टा बांधता येतो. बरगडीला ही सोय नाही. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा हा पिंजरा उचलला जातो आणि खाली येतो. त्यामुळे ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. आपल्या हातात एवढंच उरतं की प्रत्येक श्वासाचं ओझं थोडं थोडं उतरवत राहायचं. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं त्यासाठीच.

मी डॉक्टर नाही. कण्याचा दाहक संधिवात घेऊन बरीच वर्षं काढलेली बाई आहे. तुमचा आजार वेगळा असेल, तर जिथे जिथे ‘डॉक्टरांना विचारा’ असं लिहिलंय तिथे खरोखर विचारा.

पायरी १: घरी थांबायचं की निघायचं?

जुन्या दुखणेकऱ्यांना एक खोड असते. छातीत काहीही झालं तरी ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बाजूला सारायचं. बहुतेक वेळा ते खरंही निघतं, म्हणून तर खोड जात नाही. यासाठी मी स्वतःला तीन प्रश्न लावून घेतले आहेत: दुखणं नेहमीच्याच जागी आहे का, नेहमीच्याच जातीचं आहे का, आणि सोबतीला काही नवं आलंय का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर वेगळं आलं तर ते दुखणं ‘नेहमीचं’ नाही.

पुढचं काही असेल तर वाचत बसू नका, तातडीची मदत बोलवा. छातीवर दडपण किंवा आवळल्यासारखं वाटतंय, ते हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत पसरतंय, घाम फुटलाय, मळमळतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. अचानक कळ येऊन धाप लागली आहे. ओठ निळसर दिसतायत, थुंकीत रक्त आहे. एक पोटरी सुजलेली आणि दुखरी आहे आणि पाठोपाठ छातीत चमका येऊ लागल्या आहेत (पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याचं हे लक्षण असू शकतं). छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होऊन पाय लुळे किंवा बधिर पडतायत, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय. कर्करोग झालेल्यांनी या शेवटच्या गोष्टीत एक रात्रही घालवू नये, कारण मज्जारज्जूवर दाब येत असेल तर तासांचा हिशोब असतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाला छातीत दुखून ताप किंवा धाप आली तर तीही तातडीचीच वेळ.

काही गोष्टींसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत: ताप आणि खोकल्याबरोबर श्वासागणिक टोचणं, पडल्यावर किंवा मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं, उजव्या बरगडीखाली कळ आणि डोळ्यांत पिवळेपणा. कूस बदलूनही न हलणारं, रोज रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि त्यासोबत घटणारं वजन हेही लांबणीवर टाकू नका.

एक गैरसमज मात्र फार पक्का आहे: ‘दाबल्यावर दुखतंय ना, मग हृदयाचं नाही.’ दाबून दुखणारी छाती बहुधा स्नायूंची किंवा कूर्चेची (बरगड्यांच्या टोकांच्या मऊ हाडाची) असते हे खरं, पण त्या एका खुणेवर हृदयाला निर्दोष ठरवता येत नाही. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका नुसत्या धापेचा, थकव्याचा किंवा पाठदुखीचा वेष घेऊनही येतो.

पायरी २: दुखणं येतंय कुठून?

बरगड्यांच्या १२ जोड्या. मागे सगळ्या कण्याला जोडलेल्या. पुढे वरच्या सात जोड्या कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला जोडलेल्या. आठवी, नववी आणि दहावी ही वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून राहतात. अकरावी आणि बारावी पुढून मोकळीच. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत स्नायूंचे पातळ थर, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस, म्हणजे मज्जातंतू. या सगळ्याच्या आत फुप्फुसाचं आवरण. दुखणं यातल्या कशाचंही असू शकतं आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

एका बोटाने जागा दाखवून पाहा. उरोस्थीच्या कडेला, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी, बोट ठेवल्यावर ‘हेच ते’ असं झालं तर कूर्चेचा दाह असण्याची शक्यता मोठी. तिथे सूजही हाताला लागत असेल तर त्याला टिएट्झचा विकार म्हणतात. जर्मन शल्यविशारद आलेक्झांडर टिएट्झ यांनी १९२१मध्ये त्याचं वर्णन केलं. हे दुखणं आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, घाबरवतं, पण बहुधा आपणहून जातं.

खालच्या बरगडीची कड वाकताना, कूस बदलताना ‘टक्’ करून सरकल्यासारखी वाटली आणि पाठोपाठ कळ आली, तर आठव्या ते दहाव्या बरगडीची कूर्चा सैल झालेली असू शकते. ज्यांचे सांधे जन्मतःच जास्त लवचीक असतात त्यांच्यात हे दिसतं. अशा माणसांचं दुखणं कित्येकदा वर्षानुवर्षं पोटाचं समजून तपासलं जातं, म्हणून ‘टक्’ हा शब्द डॉक्टरांपुढे आवर्जून उच्चारा.

पहाटे पाठीमागून, कण्याजवळून दुखतं, उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त अंग लाकूड झालेलं असतं आणि हालचालीने बरं वाटतं, ही दाहक संधिवाताची चाल. माझी हीच. यात बरगडी कण्याला जिथे जोडते तो सांधा सुजतो आणि छाती पूर्ण फुलत नाही. याउलट, काम केल्यावर वाढणारं, खवाट्याच्या (खांद्यामागच्या पसरट हाडाच्या) आतल्या कडेला गाठीसारखं लागणारं, दाबलं की पुढे छातीपर्यंत जाणारं दुखणं स्नायूंचं. उसण भरणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच: वाकलो, वळलो आणि श्वास अडकला.

नसेचं दुखणं जळजळीत असतं, किंवा विजेचा चटका बसल्यासारखं. एका बाजूला पट्ट्यासारखं, आणि कापडाचा स्पर्शही नको होतो. हे नवीन असेल तर आरशात पाठ बघा, रोज बघा. नागिणीत पुरळ उठायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं, आणि विषाणूवरचं औषध पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना नागिणीचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात छातीभोवती कुणी करकचून कवळा घातल्यासारखं होतं. रुग्ण त्याला ‘एमएस हग’ म्हणतात. नाव गोड आहे, अनुभव अजिबात नाही. मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब झाल्यामुळे खोटे संदेश जातात, काही वेळा बरगड्यांमधले स्नायूही खरोखर आवळतात.

राहिलं हाड. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तीन महिने किंवा जास्त घेतलं असेल, तर हाडं पातळ होण्याचा विचार करावाच लागतो. अशा हाडाची बरगडी नुसत्या जोरकस खोकल्यानेही तडकते. तडा साध्या एक्स-रेमध्ये निसटू शकतो, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही. भरून यायला साधारण सहा आठवडे धरा. ‘ड’ जीवनसत्त्वाची जुनी कमतरता असेल तरी बरगड्या, उरोस्थी आणि नडगी दाबल्यावर ठणकतात. रक्ततपासणीत ते कळतं आणि उपचारही साधा असतो.

शेवटची गोष्ट पेटक्यांची. ते पोटऱ्यांत, हातात, बरगड्यांत असे सगळीकडेच येत असतील, तर एकट्या बरगडीकडे बघून भागणार नाही. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासायला सांगा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डायलिसिस, यकृताचा जुना आजार यांत पेटके नेहमीचे असतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर पेटक्यांसाठी मॅग्नेशियम परस्पर सुरूही करू नका.

पायरी ३: उसण भरली, आता काय?

त्या क्षणी शरीर काय करतं ते आधी बघू, म्हणजे पुढच्या सूचना लहरी वाटणार नाहीत. कळ आली की आपण श्वास रोखतो. रोखून चालत नाही, म्हणून वरच्यावर, भराभरा घेऊ लागतो. तो श्वास पोटापर्यंत न जाता मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी ओढला जातो. ते स्नायू या कामाला नेमलेले नाहीत, लवकर थकतात, तेही आखडतात. शिवाय भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि स्नायू आणखी पेटके देऊ लागतात. मग मनात येतं की हा हृदयाचाच झटका, आणि श्वास अजून वाढतो. हे चक्र तोडायची जागा एकच आहे: उच्छ्वास.

१. श्वास आधी सोडा. घ्यायचा नाही, सोडायचा. ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा, जितका सहज जाईल तितका. घेणं आपोआप होईल.

२. टेकायला जागा शोधा. टेबलावर दोन उशा रचा, खुर्चीत बसून दोन्ही हात आणि डोकं त्यांवर टाका, पावलं जमिनीला टेकलेली. हातांचं वजन उशीने घेतलं की खांदे सुटतात. टेबल नसेल तर भिंतीला पाठ लावून, गुडघे थोडे वाकवून उभं राहा. आडवं पडायची घाई नको. उसण भरलेली असताना आडवं होणं सोपं, उठणं कर्मकठीण.

३. आता मोजा. नाकाने दोन अंक, चंबूतून चार अंक. दोनही जमत नसेल तर एक आणि दोन. उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट असावा, अंक कितीही लहान असोत.

४. एक तळहात दुखऱ्या जागेवर नुसता ठेवा, दाबू नका. दुसरा नाभीच्या वर. खालचा हात हलू द्या. वरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. दातावर दात आवळले असतील तर जीभ तळाला सोडा, जबडा सुटेल. जबड्याचा बरगडीशी काय संबंध, असं मीही म्हणायचे. करून बघा.

५. चार-पाच मिनिटांनी धार कमी झाली की हलका ताण द्या. दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवा आणि श्वास सोडत सोडत विरुद्ध बाजूला थोडंसं झुका. दहा-पंधरा सेकंद, तीनदा. ओढ जाणवली तर ठीक. टोचलं तर तिथेच थांबा, ती जागा आज तयार नाही.

६. मग उठून चार पावलं चाला. हात सैल सोडून.

न करायच्या गोष्टींमध्ये पहिली म्हणजे ‘एक मोठा श्वास घे, मोकळं होईल’. आखडलेला स्नायू जोराने ताणला की तो उलटा झटका देतो. दुसरी म्हणजे कुणाकडून तरी पाठ मोडून घेणं, पाठीवर गुडघा किंवा पाय देऊन घेणं. ठिसूळ हाडांच्या माणसाची बरगडी अशाने मोडते. तिसरी, छातीला घट्ट पट्टा आवळून बांधणं. पूर्वी तडा गेलेल्या बरगडीला सर्रास बांधत असत. पण त्याने श्वास उथळ होतो, फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनियाला आयतं आमंत्रण मिळतं. एमएस हग असलेल्या काहींना अंगालगतचे, थोडे घट्ट कपडे घातल्याने बरं वाटतं, काहींना सैल. तिथे ज्याचं त्याने ठरवावं. श्वास मात्र अडता कामा नये.

पायरी ४: गरम की गार?

आखडलेल्या स्नायूला ऊब, ताज्या मारावर किंवा सुजलेल्या कूर्चेवर गार. दोन्ही १५ ते २० मिनिटं, मध्ये कापडाची घडी. हे जवळजवळ सगळ्यांना माहीत असतं. अपवाद मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि जुन्या आजारात तेच महत्त्वाचे.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीर तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, दृष्टी धूसर होते, पाय जड होतात. १८९०मध्ये विल्हेल्म उथॉफ या नेत्रतज्ज्ञांनी हे नोंदवलं, म्हणून याला त्यांचंच नाव आहे. अशांनी लहानशा जागेपुरता कोमट शेक घ्यावा, कढत पाण्याची अंघोळ टाळावी. मधुमेहामुळे किंवा नसांच्या आजारामुळे त्वचेची संवेदना कमी असेल तर भाजल्याचं कळतच नाही, म्हणून तापमान दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. विजेची शेकपट्टी लावून झोपून जाणं कुणीच करू नये. आणि अंगावर फेंटानिलची वेदनाशामक पट्टी असेल तर तिच्यावर किंवा तिच्याजवळ शेक अजिबात नको. उबेने औषध त्वचेतून जास्त वेगाने शरीरात जातं आणि श्वास मंदावण्याइतकं होऊ शकतं.

पायरी ५: औषधांचं गणित

पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी वरची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा याहून खाली, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. गोची होते ती सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांत. त्यांतही पॅरासिटामॉल असतं आणि ते मोजायचं राहून जातं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधं दाहावर चांगली लागू पडतात. दाहक संधिवातात तर ती उपचाराचाच भाग असतात. पण मूत्रपिंडाचा आजार, हृदय कमकुवत असणं, पोटातला व्रण, रक्त पातळ करणारी औषधं, काहींचा दमा, गरोदरपण, यांत ती परस्पर घेण्यासारखी नाहीत. जुन्या आजाराच्या माणसाला यातलं एखादं तरी लागू असतंच, म्हणून मी ही यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. एका जागेपुरतं दुखणं असेल तर मलम बरं, कारण रक्तात औषध कमी जातं. मलम लावलेल्या जागी लगेच शेक नको.

नसेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या दाद देत नाहीत. त्याला गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन किंवा कमी मात्रेतली नैराश्यावरची काही औषधं देतात. नागिणीनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याला लिडोकेनची पट्टी चालते. ती १२ तास लावायची आणि १२ तास काढून ठेवायची. गॅबापेंटिन-प्रेगाबॅलिन आणि अफूवर्गीय वेदनाशामकं एकत्र आली की गुंगी आणि श्वास मंदावणं दोन्ही वाढतं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी याबद्दल स्पष्ट विचारून घ्यावं.

स्नायू शिथिल करणाऱ्या गोळ्यांबद्दल दोनच गोष्टी सांगते, पण त्या लक्षात ठेवा. रोज बॅक्लोफेन घेत असाल तर ते अचानक बंद करायचं नाही, फिट येऊ शकते. प्रवासात, रुग्णालयात दाखल होताना, गोळ्या संपत आल्यावर हेच विसरलं जातं. टिझॅनिडिन घेत असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला तुमची टिझॅनिडिन माहीत असेलच असं नाही.

पायरी ६: रात्र

पाठीवर सपाट झोपून जमत नसेल तर पाठीमागे उशांची उतरंड करा, कमरेपासून डोक्यापर्यंत तिरकी. नुसत्या मानेखाली उशा रचल्या की छाती आणखी दुमडते. गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे घसरत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांनी छातीशी जाड उशी धरावी आणि वरचा हात तिच्यावर टाकावा. हात पुढे लोंबकळला की खवाटा रात्रभर बरगड्यांना ओढत राहतो, आणि सकाळी कशाने दुखतंय ते कळत नाही. कोणती कूस? काहींना दुखरी बाजू खाली घेतल्यावर बरं वाटतं. ती दाबली गेल्याने कमी हलते. ऐकायला उलटं वाटतं, पण एक रात्र बघायला हरकत नाही.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने ढकलून बसते व्हा. सगळं श्वास सोडताना. पोटाच्या स्नायूंचा हिसका बसत नाही.

पायरी ७: खोकला, शिंक, आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते

खोकल्याआधी उशी दोन्ही हातांनी दुखऱ्या जागेवर घट्ट धरायची. छातीला बाहेरून आधार मिळतो आणि खोकला अर्ध्यावर गिळावा लागत नाही. गिळलेला खोकला कफ आत ठेवतो. कफ खूप असेल तर जोराने खोकण्याऐवजी मध्यम श्वास घ्या, तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ असा सोडा, आरशावर वाफ धरतो तसा. दोन-तीनदा केल्यावर कफ वर सरकतो, मग एकच खोकला पुरतो.

आता न बोलली जाणारी गोष्ट. बद्धकोष्ठतेत कुंथताना बरगड्यांवर जेवढा ताण येतो तेवढा घरकामात क्वचितच येत असेल. अफूवर्गीय औषधांनी, कमी हालचालीने ती होतेच. त्यामुळे वेदनाशामकांबरोबरच पोट साफ ठेवण्याची सोय पहिल्या दिवसापासून मागा. पायांखाली छोटा स्टूल घेऊन गुडघे उंच ठेवले तरी जोर कमी लागतो.

पायरी ८: रोजची दहा मिनिटं

बरं असलेल्या दिवशी करायचं ते हे. ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी यातलं पहिलंच केलं तरी चालेल.

तळहात बरगड्यांच्या खालच्या भागावर दोन्ही बाजूंनी ठेवा, बोटं पुढे. श्वास घेताना हातांना बाहेर ढकलायचा प्रयत्न करा. पाच श्वास, दिवसातून तीनदा. त्याहून जास्त सलग नको, चक्कर येते. मग खांद्यांची मागच्या बाजूने वर्तुळं. मग कुशीवर पडून, गुडघे दुमडून, वरचा हात पुस्तक उघडल्यासारखा मागे न्यायचा. नजर हाताबरोबर जाऊ द्यायची, कंबर जागची हलवायची नाही. आणि खुर्चीत बसून बाजूला झुकणं, जे वर सांगितलं. सकाळी अंग लाकूड असेल तर हे कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर करा, आधी नाही.

खवाट्यामागच्या गाठींना भिंत आणि टेनिसचा चेंडू हा माझा आवडता उपाय आहे. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये चेंडू धरून हळू टेकायचं, दुखऱ्या जागी अर्धा मिनिट थांबायचं. चेंडू कण्यावर नको, त्याच्या बाजूला. ठिसूळ हाडं असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हा प्रयोग करू नका. टॉवेलच्या गुंडाळीवर पाठ ताणण्यालाही हाच नियम. विजेच्या सौम्य लहरी देणारं टेन्स यंत्र काहींना उपयोगी पडतं. पेसमेकर असेल तर नको, छातीच्या पुढच्या बाजूला नको, आणि पहिल्यांदा भौतिकोपचारतज्ज्ञासमोरच लावून बघावं.

पायरी ९: दिवस कापायचा कसा

बरगड्यांना दुखवणारी कामं आपण समजतो तशी अवजड नसतात. उंच फळीवरचा डबा काढणं, केस धुणं, एकाच खांद्यावर पिशवी, वाकून केर काढणं, मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर, काठाला तार असलेली घट्ट ब्रा. हात खांद्यापेक्षा वर गेले किंवा अंग एका बाजूला वळलं की बरगड्यांमधले स्नायू कामाला लागतात. नेहमीच्या वस्तू छाती ते कंबर या उंचीत आणल्या तर निम्मी लढाई तिथेच संपते. केस बसून, कोपर टेकवून धुवा.

वेळेचं बोलायचं तर, दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो. वाईट दिवशी एखादं काम किती मिनिटं न दुखता जमतं ते घड्याळ लावून बघा. समजा बारा. मग चांगल्या दिवशीही बारालाच थांबायचं. हे फार जिवावर येतं, कारण चांगल्या दिवशी आपल्याला थकलेल्या सगळ्या कामांचा सूड घ्यायचा असतो आणि पुढचे तीन दिवस आपण पलंगावर असतो. आठ-दहा दिवस बारा मिनिटं निभली की तेरा करा. ज्यांना मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे श्रमांनंतर कोसळायला लावणारा दीर्घ थकव्याचा आजार आहे, त्यांनी ही वाढवत नेण्याची पद्धत वापरू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांच्यासाठी ठरावीक चढत्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. त्यांनी आपल्या मर्यादेच्या आतच राहायचं.

पायरी १०: डॉक्टरांपुढे जाताना

दोन आठवडे नोंद ठेवा. लांबलचक दैनंदिनी लिहिली तर डॉक्टर वाचत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपणही वाचत नाही. रोज एक ओळ: जागा, वेळ, शून्य ते दहातला आकडा, श्वासाने वाढतं की वळण्याने की जेवणानंतर, आणि कशाने उतरलं. जेवणानंतर उजवीकडे येणारी कळ पित्ताशयाकडे बोट दाखवते. पहाटेची कळ दाहाकडे, संध्याकाळची थकलेल्या स्नायूंकडे. जागा दाखवायला कागदावर माणसाची बाह्याकृती काढून त्यावर खूण करा. ‘छातीत दुखतं’ या दोन शब्दांत जे सांगता येत नाही ते खुणेत येतं.

आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात, दुखण्यामुळे काय करता येत नाही ते सांगा. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘दुखऱ्या कुशीवर वळता येत नाही म्हणून तीन तासांच्या वर झोप नाही’ हे जास्त कामाचं. मला एकदा एका ठिकाणी ‘तुमच्या आजारात हे व्हायचंच’ असं ऐकवून परत पाठवलं होतं. तेव्हापासून मी सरळ विचारते: हे माझ्या आजाराचंच आहे हे आपण कशावरून ठरवलं, आणि दुसरं काय असू शकतं? प्रश्न उद्धट नाही, शांतपणे विचारला की उत्तर मिळतं.

शेवटी घरच्यांसाठी एक कागद. उसण भरलेली असताना बोलता येत नाही आणि समोरचा घाबरून सतरा प्रश्न विचारतो. म्हणून ठीक असतानाच चार ओळी लिहून भिंतीवर लावा: आजाराचं नाव, चालू औषधं, कोणती औषधं चालत नाहीत, कोणती लक्षणं दिसली तर वाट न बघता मदत बोलवायची. आणि खाली ठळक अक्षरांत, मी लिहिलंय तसं: ‘काखेत हात घालून उचलू नका. प्रश्न नंतर विचारा. टेबल पुढे सरकवा आणि उशा द्या.’